कानाला पान उलटता येत नाही

जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचून संपवायला किती वेळ लागतो, याला नेमकं उत्तर नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवसांत फडशा पाडणारे आहेत, वर्षभर उशाशी ठेवणारे आहेत आणि पहिल्या शंभर पानांतच हात टेकणारेही पुष्कळ आहेत. ऐकायला किती वेळ लागतो, ते मात्र ठरलेलं आहे. रॉब इंग्लिस या नटाने १९९० साली केलेलं संपूर्ण वाचन सुमारे ५४ तास चालतं. अँडी सर्किस याचं २०२१ सालचं वाचन त्याहून लांब, साठ तासांच्या पुढे जाणारं. पावणेपाच लाखांहून जास्त शब्द, ६२ प्रकरणं, आणि वाचणाऱ्याला कसलीही घाई नाही. एवढ्या वेळात माणूस बेंगळुरूहून पुण्याला रस्त्याने दोनदा जाऊन येईल.

या संग्रहातले लेख ऐकलेल्या पुस्तकांविषयी आहेत. लिहिणारे बहुतेक बेंगळुरूत राहणारे मराठी वाचक. कोणी रहस्यकथा ऐकली, कोणी आत्मचरित्र, कोणी लहानपणी वाचलेली कादंबरी पुन्हा कानाने गाठली. प्रस्तावनेसाठी मी मुद्दाम एकच पुस्तक घेतलं आहे, आणि तेही ज्याच्याबद्दल माझं मन अजून कुठल्याच बाजूला पुरतं झुकलेलं नाही असं. ही कादंबरी मी आधी वाचली होती आणि ती मला आवडली होती. ऐकताना ती काही ठिकाणी असह्य झाली. काही ठिकाणी तिने असं काही दिलं, जे वाचताना कधी हाती लागलं नव्हतं. त्रास झाला तो तिच्या संथपणाचा, आणि जे मिळालं तेही त्या संथपणातूनच मिळालं. म्हणून पुस्तक चांगलं की वाईट यात मी शिरत नाही. संथ कथा कानाला केव्हा मानवते आणि केव्हा छळते, एवढंच मला तपासून पाहायचं आहे.

बेंगळुरू हे ऐकणाऱ्यांचं शहर का झालं, याचं कारण रस्त्यावर दिसतं. टॉमटॉम या कंपनीच्या २०२३ सालच्या पाहणीत इथे दहा किलोमीटर जायला सरासरी २८ मिनिटं लागत होती आणि जगातल्या सर्वांत संथ शहरांच्या यादीत बेंगळुरू सहावं होतं. सिल्क बोर्डापासून मारतहळ्ळीपर्यंतचा आउटर रिंग रोड ज्याने संध्याकाळी पार केला आहे, त्याला ही २८ मिनिटं कमीच वाटतील. चालत्या गाडीत पुस्तक उघडलं की अनेकांना मळमळतं. कान मोकळे असतात. कंपनीच्या बसमध्ये, कॅबमध्ये, मेट्रोत व्हाइटफील्डहून चल्लघट्ट्याकडे जाताना निम्मी माणसं काहीतरी ऐकत असतात.

त्यांच्या कानांची सोय करणाऱ्या कंपन्याही इथेच आहेत. मराठीसह बारा भारतीय भाषांतलं लेखन वाचकांपर्यंत नेणारी आणि पुढे श्राव्य कथांकडेही वळलेली 'प्रतिलिपी' बेंगळुरूतून चालते. २०१८ साली सुरू झालेल्या 'पॉकेट एफएम'चं ठाणंही हेच शहर. तिथल्या मालिका शेकडो भागांच्या असतात, भाग दहा-पंधरा मिनिटांचा, आणि पुढचा भाग उघडायला नाणी मोजावी लागतात. त्यामुळे प्रत्येक भागाच्या शेवटी काहीतरी घडावंच लागतं. तलवार उपसलेली असते, दार उघडत असतं, कोणाचं तरी खरं नाव आता कळणार असतं. या लेखनाकडे नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. ऐकणाऱ्याचं लक्ष कुठे सुटतं आणि कशाने परत येतं, याची जाण या लेखकांना आहे, आणि आपल्या पुष्कळ मान्यवर कादंबरीकारांना ती नाही. 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक'मध्ये क्रमशः छापणाऱ्या हरिभाऊ आपट्यांना १८९० मध्ये पुढच्या अंकाची ओढ कशी लावायची हे ठाऊक होतंच. पण रोज अशा मालिकांना सरावलेला कान टॉल्किनच्या पहिल्या प्रकरणाशी येतो तेव्हा काय होतं, हे पाहण्यासारखं आहे.

पहिल्या प्रकरणात वाढदिवस आहे. बिल्बो १११ वर्षांचा होतो, मेजवानी होते, तो अंगठी घालून दिसेनासा होतो. इथवर ठीक. दुसऱ्या प्रकरणात सतरा वर्षं जातात. मग गॅन्डाल्फ हा जादूगार येऊन अंगठीचा इतिहास सांगतो, आणि तो ऐकल्यावरही अंगठीचा नवा मालक फ्रोडो लगेच निघत नाही. तो घर विकतो, सामान हलवतो, शरद ऋतूची वाट पाहतो. निघाल्यावर जंगल, जंगलात टॉम बॉम्बाडिल नावाचा गाणारा माणूस, ज्याचा मूळ कथेशी संबंध इतका सैल की चित्रपट करताना पीटर जॅक्सनने त्याला सरळ वगळलं. मग टेकड्या, सराय, दलदल, पुन्हा टेकड्या. रिव्हेंडेलला पोचेपर्यंत पहिला खंड अर्ध्यावर आलेला असतो. ऐकणाऱ्याचे नऊ-दहा तास गेलेले असतात.

वाचताना हे इतकं जाणवत नाही, कारण डोळा आपली वाट आपण काढतो. वर्णनाचा परिच्छेद दिसला की तो त्याचा आकार पाहतो, पहिली ओळ वाचतो, मधल्या दोन शब्दांवरून अंदाज बांधतो आणि पुढच्या अवतरणचिन्हावर जाऊन उतरतो. गाणं आलं तर तिरप्या अक्षरांचा ठोकळा ओलांडायला त्याला क्षणही लागत नाही. आपण हे जाणूनबुजून करतो असंही नाही. पण ही कादंबरी वाचली आहे असं म्हणणाऱ्या किती जणांनी तिच्यातली सगळी गाणी खरोखर वाचली असतील? कानाला पान उलटता येत नाही. तीस सेकंद पुढे नेणारं बटण असतं, पण त्या तीस सेकंदांत काय होतं हे न कळताच ती जातात आणि मग रुखरुख लागून माणूस मागे येतो. ऐकताना गती दुसऱ्याच्या हाती असते. कादंबरीने लपवलेलं काहीच मग लपून राहत नाही. लेखकाने जिथे पसरट लिहिलं तिथे ते पसरटच ऐकू येतं, आणि जिथे सावकाशीला कारण होतं तिथे ते कारणही समजतं.

पसरटपणाचं उदाहरण म्हणून मी रिव्हेंडेलमधल्या एल्रॉन्डच्या सभेचं प्रकरण देईन. ते ऐकायला दीड तासाच्या वर वेळ लागतो आणि त्या अवधीत एकही माणूस जागेवरून हलत नाही. एल्रॉन्ड जुन्या युद्धाचा इतिहास सांगतो, ग्लोइन आपली हकिगत सांगतो, बोरोमिर स्वप्न सांगतो. मग गॅन्डाल्फ बोलू लागतो. त्याच्या बोलण्यात तो सारूमान काय म्हणाला ते सांगतो, सरायवाला काय म्हणाला ते सांगतो आणि मध्येच इसिल्डुरने लिहून ठेवलेलं एक जुनं टिपण वाचून दाखवतो. छापील पानावर अवतरणचिन्हांत अवतरणचिन्हं असतात, शंका आली तर नजर वर जाऊन बोलणारा कोण ते पाहून येते. कानाशी ही चिन्हं पोचत नाहीत. सिग्नलला रिक्षा आडवी आली, क्षणभर लक्ष उडालं, की आता बोलतंय कोण हे पुढच्या पाच मिनिटांत कळत नाही. त्यात नावं. एकाच माणसाची तीन नावं, एकाच डोंगराची दोन, बापाच्या आणि मुलाच्या नावाची सुरुवात सारखी. ज्यांना मूळ इंग्रजी नावं लहानपणापासून परिचयाची नाहीत, त्या आपल्यासारख्यांना हा भार दुप्पट होतो. इथे माझी सहनशक्ती खरोखर संपली, आणि ते मला माझं उणं वाटत नाही. हे प्रकरण कानासाठी रचलेलं नाही.

कानासाठी रचलेलं म्हणजे कसं, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागू नये. श्रावणात घरी 'नवनाथ भक्तिसार' लावलेली ज्यांनी ऐकली आहे त्यांनी आठवून पाहावं. चाळीस अध्याय, नऊ नाथ, प्रत्येकाच्या जन्माची अजब कथा, स्त्रीराज्य, मंत्रास्त्रांची युद्धं, मेलेल्यांना उठवणं. अद्भुताची तिथे रेलचेल आहे आणि घाई तर मुळीच नाही. पण अध्याय सुरू होताना मागे काय झालं त्याची उजळणी होते, संपताना पुढे काय येणार याची सूचना मिळते. मध्ये 'श्रोते हो' अशी हाक येते. पोळ्या लाटून हात धुऊन बसलेल्या बाईला कथा कुठे आली आहे ते दोन ओव्यांत कळतं. ओवीची चाल बदलत नाही, त्यामुळे शब्द निसटला तरी ठेका निसटत नाही. इतकं संथ असूनही पोथी कोणाला लांबट वाटत नाही, कारण ती ऐकणाऱ्याचा हात सोडत नाही.

कर्नाटकात याहून पुढची सोय आहे. कुमारव्यासाचं कन्नड भारत गमक पद्धतीने ऐकवतात तेव्हा दोन माणसं बसतात. गमकी षट्पदी रागात वाचतो, व्याख्यानकार थांबून तिचा अर्थ उलगडतो. बसवनगुडी-मल्लेश्वरमसारख्या जुन्या वस्त्यांत असे कार्यक्रम अजून होतात. या कलेतले ज्येष्ठ एच. आर. केशवमूर्ती यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. पहिल्यांदा गमक ऐकलं तेव्हा माझं कन्नड बाजारहाटापुरतं होतं, तरी द्रौपदी कधी बोलते आणि भीम कधी बोलतो हे मला कळत होतं. कथा आधीच ठाऊक होती, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं की वाचणारा आणि सांगणारा मिळून कथा दोनदा देतात. टॉल्किनच्या श्रोत्याला व्याख्यानकार मिळत नाही.

आणि तरीही ही कादंबरी केवळ डोळ्यांसाठी लिहिलेली नाही. १९३७ च्या डिसेंबरात सुरू केलेली ती पुरी व्हायला बारा वर्षं लागली. त्या काळात टॉल्किन तयार झालेली प्रकरणं ऑक्सफर्डमध्ये सी. एस. लुईस आणि इतर मित्रांच्या बैठकीत वाचून दाखवत. कधी त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर वाचे. १९४४ मध्ये ख्रिस्तोफर हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता, तेव्हा फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम यांच्या प्रवासाची प्रकरणं त्याला जशी लिहून होत तशी टपालाने जात होती. १९५२ च्या ऑगस्टमध्ये, पुस्तक अजून छापलं जायचं होतं तेव्हा, मित्राच्या घरी टॉल्किन यांना ध्वनिमुद्रणाचं यंत्र भेटलं. यंत्रात भूत असेल तर पळून जावं म्हणून त्यांनी आधी गॉथिक भाषेत प्रार्थना म्हटली आणि मग आपल्या पुस्तकातले उतारे वाचले. ते मुद्रण पुढे प्रकाशित झालं. त्यात घोडेस्वारांच्या धावेचा उतारा ऐकला की या गद्याला जुन्या इंग्रजी वीरकाव्याची लय आहे आणि ती मोठ्याने म्हटल्याशिवाय कळत नाही, याबद्दल शंका उरत नाही.

ही लय मला मृतांच्या दलदलीपाशी सापडली. फ्रोडो, सॅम आणि त्यांचा वाटाड्या गॉलम तिघे चाललेत. पाण्यात दिवे पेटल्यासारखे दिसतात, पाण्याखाली मेलेल्यांचे चेहरे आहेत, आणि गॉलम सांगतो, दिव्यांकडे पाहू नका. वाचताना हे प्रकरण मी भराभर ओलांडलं होतं, कारण पुढे काय होतं ते हवं होतं. ऐकताना बस बेल्लंदूर तळ्याच्या बाजूला अडकली होती. पावसाळी संध्याकाळ, काचेवर ओघळ, आणि बाहेर तेच तळं, ज्यावर फेस चढून रस्त्यावर येतो आणि ज्याच्या पृष्ठभागाला २०१७ आणि २०१८ मध्ये आग लागलेली या शहराने पाहिली आहे. इंग्लिस एकेक वाक्य संथपणे ठेवत होता. बस हलत नव्हती, ते तिघेही पुढे सरकत नव्हते. चिखलात पाय रुतणं, पाय काढणं, पुन्हा रुतणं, या क्रियेला जेवढा वेळ लागतो तेवढाच वाक्याला लागत होता. १९१६ साली सॉमच्या लढाईत असलेल्या टॉल्किन यांनी पुढे एका पत्रात या दलदलीवर उत्तर फ्रान्सच्या त्या रणभूमीची छाया असल्याचं लिहिलं आहे. पण ते माहीत नसतं तरी त्या संध्याकाळी कळलं असतं की हे लिहिणाऱ्याने चिखलातली माणसं पाहिली आहेत. इथे एक वाक्य जरी कमी केलं तरी नुकसान झालं असतं.

म्हणून दीडपट वेगाचं बटण दाबायला मी तयार नाही. माझ्या ओळखीतले बरेच श्रोते संथ पुस्तक दीडपट वेगाने ऐकतात, आणि माहितीपर पुस्तकाला ते चालून जातं. इथे ते दोन्हीकडून फसतं. एल्रॉन्डच्या सभेत नावं आणखी वेगाने अंगावर येतात, म्हणजे अडचण होती ती वाढते. दलदलीत पाय रुतेनासे होतात. ज्यांना खरोखर आटोपशीर हवं आहे त्यांच्यासाठी बीबीसीचं १९८१ चं नभोनाट्य आहे. अर्ध्या तासाचे २६ भाग, वेगवेगळे नट, इयान होमचा फ्रोडो. ते कानाचा विचार करून केलेलं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण ते नाट्य आहे, त्यात चालण्याचा थकवा येत नाही.

वाचणारा कोण, यावरही बरंच अवलंबून आहे. सर्किस म्हणजे चित्रपटातला गॉलम. तो प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देतो, कुजबुजतो, ओरडतो, रडतो. पहिले काही तास भारावून जायला होतं. नंतर मला त्या अभिनयाचं ओझं होऊ लागलं, कारण संथ कथेत ऐकणाऱ्याला स्वतःचं चित्र उभं करायला जागा लागते आणि सर्किस ती सगळी स्वतःच भरून टाकतो. इंग्लिस कथेकऱ्यासारखा मागे राहतो. गाणी मात्र तो खरोखर गातो, आणि डोळ्याने वगळलेली ती गाणी मला त्याच्यामुळे प्रथमच भेटली. काही कंटाळवाणी निघाली. काही इतकी देखणी निघाली की आधी ती गाळली होती याचं वाईट वाटलं. मला निवड करायची तर मी इंग्लिस निवडेन. या संग्रहातल्या एका लेखात नेमकं उलट मत आहे आणि त्यातले मुद्दे तगडे आहेत.

सर्वांत जास्त विचार मी शेवटच्या टप्प्याचा केला. अंगठी नष्ट झाल्यावर सहा प्रकरणं उरतात. हातातल्या पुस्तकात उरलेली पानं बोटांना जाणवतात. फोनवर मात्र उरलेले तास आकड्यात दिसतात, आणि पहिल्या ऐकण्यात तो आकडा पाहून मी चकित झाले होते. युद्ध संपलं, राजा गादीवर बसला, मग एवढा वेळ कशासाठी? हळूहळू एकेक निरोप होतो. चौघे मित्र घरी परततात, तर गाव गुंडांच्या ताब्यात गेलेलं, झाडं तोडलेली, नदी घाण झालेली. ते निस्तरावं लागतं. आणि सगळं निस्तरूनही फ्रोडोची जखम भरत नाही. पन्नासेक तास ज्याच्याबरोबर चाललो तो माणूस घरी येऊनही घरी येत नाही, हे समजायला ती सहा प्रकरणं पुरती ऐकावी लागतात. आधीचा लांबलचक रस्ता, ज्याला मी इतका वैतागले होते, तो पायाखालून गेला नसता तर हे परतणं एवढं जड वाटलं नसतं. पण म्हणून एल्रॉन्डच्या सभेला माझी माफी नाही. दोन्ही मतं मी बरोबर बाळगते आहे.

मराठीत अद्भुतकथेची सुरुवात झोकात झाली होती. 'मुक्तामाला' १८६१ ची, त्यानंतरची 'मंजुघोषा', पुढे नाथमाधवांची 'वीरधवल'. वास्तववादी कादंबरी मोठी झाली तसं हे लेखन पोरांचं म्हणून बाजूला सारलं गेलं. नारायण धारपांनी एकट्याने पुष्कळ केलं, तरी त्यांना भयकथेच्याच कप्प्यात ठेवलं गेलं. आता बेंगळुरूत वाढणारी मराठी मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत कन्नड आणि इंग्रजी लिहितात, आणि देवनागरीचं जाड पुस्तक पाहून मागे सरतात. ऐकायला मात्र ती कुरकुर करत नाहीत. २०१७ साली भारतात आलेल्या स्टोरीटेलने मराठीला सुरुवातीपासून जागा दिल्यामुळे त्यांना ऐकायला बरंच आहे, पण सावकाश चालणारं, लांब पल्ल्याचं, मोठं अद्भुत फार थोडं.

टॉल्किनची ही कादंबरी मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली आहे. ती जो कोणी कानासाठी वाचेल, त्याला माझं सांगणं आहे की काही गाळू नये. बॉम्बाडिलही नको, गाणीही नकोत. गाणी गाऊनच म्हणावीत, जमल्यास ओवी-अभंगाच्या जवळच्या चालींत. प्रत्येक प्रकरणाआधी मागचं प्रकरण दोन-तीन वाक्यांत सांगावं, पोथीत सांगतात तसं. एल्रॉन्डच्या सभेला एकाऐवजी चार-पाच आवाज घ्यावेत, बाकी सगळीकडे एकच. आणि नकाशा मात्र छापीलच द्यावा, घडी घालून खिशात ठेवता येईल एवढा.